टीसी जमा झाली

जून उजाडला की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक शिकवायचं सोडून गावोगाव पोरं गोळा करत फिरतात. प्रत्येकाला ठरवून दिलेल्या ॲडमिशन आणाव्याच लागतात. पोरगं हो म्हणालं की त्याचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला, म्हणजे टीसी, तिथल्या तिथं ताब्यात घ्यायची. ती आपल्याकडं आली की पोरगं दुसरीकडं जाणार कसं? लातुरात आम्ही याला चोरी म्हणत नाही, मार्केटिंग म्हणतो.

ज्योत्स्ना माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. कॉम्प्युटर विभागातली सगळ्यात हुशार बाई. हे मी जरा कुढतच सांगतोय, कारण नव्या प्राध्यापकांना संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप तिला लागली आणि त्याच फेलोशिपला माझाही अर्ज होता. गावाकडच्या माणसाचं बोलणं मोबाईलला नीट कळावं, यावर तिचं काम. अट एवढीच, की कॉलेजनं तिचे तास निम्मे करायचे आणि तसं संमतीपत्र प्राचार्यांच्या सहीनं पाठवायचं.

प्राचार्य म्हणाले, "करतो की सही, मॅडम. आधी तुमच्या ॲडमिशन पुऱ्या करा."

एक कमी पडत होती. ज्योत्स्ना शिरूर अनंतपाळला गेली. तिथं आनंदराज गवंडीकाम करतो. त्याची पोरगी महामाया बारावीला तालुक्यात पहिली आलेली. ज्योत्स्ना "जय भीम" म्हणत घरात शिरली, चहा प्याली. आपल्या समाजाची बाई कॉलेजात प्राध्यापक, याचंच आनंदराजला इतकं अप्रूप, की तिनं मागायच्या आत त्यानं टीसी काढून दिली.

आठवडाही झाला नसेल, महामायाचा फोन आला. ज्योत्स्ना काहीतरी टाइप करत होती म्हणून तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, नांदेडला नंबर लागला की माझा! फी बी लई कमी हाय तिथं. पप्पा टीसी न्यायला यायलेत."

टीसी ज्योत्स्नाच्या पर्समध्येच होती. संमतीपत्राची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

"अगं, टीसी ऑफिसात जमा झाली," ज्योत्स्ना म्हणाली. "आता निघत नाही ती."

पलीकडून पोरगी म्हणाली, "व्हय का मॅडम? ऱ्हाऊ द्या मग. तुमी हायेत की तिथं."

फोन बंद झाला तसं माझं डोकंच फिरलं. "ज्योत्स्ना, देऊन टाक तिला. अजून वेळ गेली नाही."

"आणि मग माझी फेलोशिप तू आणून देणार?" तिचा आवाज चढला. "ही गेली तर जन्मभर जूनमध्ये दारं वाजवत फिरायचं मी?"

पर्स उचलून ती प्राचार्यांच्या केबिनकडं गेली. सही झाली. मला तिचा संताप आला, आणि तिच्या जागी मी काय केलं असतं, हा विचार मी मुद्दाम टाळला.

पेपरात तिचा फोटो आला. नवा सर्व्हर आला, काम सुरू झालं. पण ज्योत्स्ना डबा उघडायची आणि तसाच झाकून ठेवायची. महामाया तिच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. त्या वर्गातून आली की ज्योत्स्ना कुणाशी धड बोलायची नाही.

दिवाळीच्या आधी आनंदराज महामायाला घेऊन विभागात आला, शाल आणि हार घेऊन. वस्तीतर्फे मॅडमचा सत्कार करायचा होता. त्यानं पोरीला कॅन्टीनमधून चहा आणायला धाडलं.

ती जाताच ज्योत्स्ना उठून उभी राहिली. "दादा, हे नका करू. टीसी तेव्हा माझ्या पर्समध्ये होती. मी खोटं बोलले. माझी सही अडली होती."

शालीची घडी आनंदराजच्या हातात तशीच होती. आता हा ओरडेल, असं मला वाटलं. खरं तर ओरडावं, असंच वाटत होतं. तो दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "पोरीला सांगू नका, मॅडम. तुमच्यावानी व्हायचं म्हणून शिकायली ती."

महामाया चहा घेऊन आत आली. आनंदराजनं घाईघाईनं घडी मोडली, शाल ज्योत्स्नाच्या खांद्यावर टाकली आणि तिच्या शेजारी ताठ उभा राहिला.

"काढ गं फोटू," तो पोरीला म्हणाला.