आयलीच्या मापाची बंदूक

मित्रांनो, माझ्या पोटात एका वेळी एकच काडतूस मावतं. बार उडाला की मला कंबरेत वाकवायचं, रिकामं काडतूस काढायचं आणि नवं घालायचं. अशी मी एक जुनी एकनळी बंदूक आहे.

तोइवो निएमी नावाच्या लाकूडतोड्यानं मला तरुणपणी विकत घेतलं. एका मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला, बर्च झाडांच्या रानात त्याचं घर होतं. तोइवो ताडमाड उंच. माझी लांब नळी आणि मागचा लांब लाकडी दस्ता त्याच्या खांद्याला अगदी बेतल्यासारखा बसायचा. पानगळीच्या दिवसांत आम्ही रानकोंबड्या टिपायला जायचो. परतल्यावर तो मला तेलाच्या फडक्यानं पुसायचा आणि बायकोला म्हणायचा, "आयली, हिच्यासारखी गुणी दुसरी नाही."

"हो का? मग उद्यापासून कॉफी तिलाच करायला सांगा," आयली चुलीजवळूनच म्हणायची.

तोइवो गेला आणि माझं नशीब फिरलं. कपाटात, जाड कोटांच्या मागे मी उभी राहिले. नळीवर गंज चढला. मला कुणी विचारेना.

मग एका वर्षी आसपासची घरं फुटू लागली. एका घरात तर चोरांनी म्हाताऱ्या मालकाला बेदम मारलं. आयलीची मुलगी शहरातून रोज फोन करायची, "आई, इकडेच ये." पण आयलीला घर सोडवेना. तिनं मला बाहेर काढलं, गोठ्यामागे नेलं आणि एक बार उडवला. तोइवोच्या मापाची मी, आणि ती त्याच्या छातीपर्यंत येणारी! धक्क्यासरशी ती बटाट्याच्या वाफ्यात बसलीच. खांदा काळानिळा झाला. मला इतकं वाईट वाटलं!

तिचा धाकटा दीर, कानाला यंत्र लावणारा वाइनो, धावत आला, तो लोखंड कापायची करवत घेऊनच. "वहिनी, एवढी लांब नळी हवीय कशाला? वीतभर ठेवू. कोटात लपेल."

"भावजी, मला घरात राहायचंय, बँक लुटायची नाही! आधी जाणत्याला विचारू."

माझा जीव भांड्यात पडला. गावात आर्विद लुंड नावाचा बंदुका दुरुस्त करणारा होता. त्यानं करवत पाहिली आणि कपाळाला हात लावला. "नळी अठरा इंचांच्या आत आली की गुन्हा. आयलीबाई आत, आणि वाइनो, तूही आत."

"मी? मी नुसती करवत धरणार होतो!"

"मग तुरुंगातही काहीतरी धरायला देतील."

आर्विदनं नळी थोडीशीच कापली, कायद्याच्या मर्यादेपेक्षा बरीच लांब ठेवून. मग दस्ता आखूड केला. ते लाकूड तोइवोच्या गालानं गुळगुळीत झालेलं. कापताना आयलीनं तोंड फिरवलं, आणि मलाही कसंसंच झालं. पण त्यानं मागे रबराची मऊ गादी बसवली, नळीखाली छोटा दिवा लावला आणि मला आयलीच्या हातात दिलं. मी तिच्या खांद्याला टेकले आणि कळलं, आता मी हिची झाले!

"काडतूस वेगळं, बंदूक कुलपात," आर्विद म्हणाला. "आणि समोर कोण आहे ते कळल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही."

हिवाळा आला. एका संध्याकाळी वादळात वीज गेली, फोनही बंद पडला. तेवढ्यात मागच्या दाराची काच खळकन फुटली.

आयलीनं मला काढलं, काडतूस घातलं. घरातल्या बोळात उभी राहून ती ओरडली, "कोण आहे?"

उत्तर नाही. फुटक्या काचेतून एक हात आत आला आणि कडी निघाली.

"कोण आहे? बोल, नाहीतर बार उडवीन!"

दार उघडलं. बर्फानं माखलेला एक धिप्पाड माणूस आत शिरला, हातात पहार. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोटातलं काडतूस मला डोंगराएवढं जड झालं होतं. पण आयलीचं बोट चापाबाहेरच होतं. तिनं नळी जमिनीकडे धरून दिवा लावला. उजेड फरशीवर पसरला आणि वर त्या माणसाच्या तोंडापर्यंत पोचला.

तो वाइनो होता! कानाचं यंत्र घरीच विसरलेला.

"वहिनी! जिवंत आहेस!" तो गदगदून म्हणाला. "फोन लागेना, चुलीचा धूर दिसेना. किती दार वाजवलं, या वादळात तुला ऐकूच गेलं नाही! वाटलं, तू आत पडलीस की काय."

आयलीनं मला खटकन वाकवलं, काडतूस काढून खिशात टाकलं आणि मला टेबलावर ठेवलं. मग ती खालीच बसली. "मेल्या बहिऱ्या!" ती रडत रडत हसू लागली. "आत्ता तुझ्या छातीत छर्रे असते! ओरडून घसा बसला माझा!"

"काय म्हणालीस?"

"कॉफी घेणार का, म्हणाले!"

"घेईन की," वाइनो म्हणाला. त्याला तेवढं बरोबर ऐकू आलं.

दोघं वेलदोड्याचा पाव खात बसली, दाराच्या भोकाला उशी लावून. आणि मी टेबलावर थंडगार नळीनं पडून होते. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आणि मोठ्या माणसांना माझी विनवणी एवढीच, की आम्हाला कुलपात ठेवा, जाणत्याला विचारल्याशिवाय आमच्यावर करवत चालवू नका. घाई तर मुळीच करू नका. हाक ऐकू गेली नाही तर पुन्हा मारता येते. सुटलेला बार परत बोलावता येत नाही.