सहावे कोर्ट

"मिस्टर हेसल, तुम्ही माझ्या उजवीकडून चालायचं, बाबा डावीकडून. आणि दोघांनीही माना वर ठेवायच्या. अंत्ययात्रेला निघाल्यासारखं तोंड करायचं नाही."

कीली ब्लँचर्ड आमच्या कोटांवर फूल टाचता टाचता हुकूम सोडत होती. मी तिच्या वडिलांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि दोघांनीही नजर बुटांकडे वळवली. आमचे जमणार, असे मला तेव्हाच वाटले.

आमच्या कॉलेजात रीत अशी आहे की, शिक्षण संपत आलेल्या खेळाडूंना घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी निरोप द्यायचा. खेळाडू आईवडिलांचा हात धरून कोर्टावर येतात, कर्ण्यावरून त्यांचे नाव घेतात, लोक टाळ्या वाजवतात. इंग्लंडहून आलेल्या मुलामुलींचे आईवडील बहुधा येऊ शकत नाहीत. अलाबामाच्या या कोपऱ्यात यायचे म्हणजे आधी विमान, मग दुसरे विमान, मग बस. म्हणून त्यांच्याबरोबर मी चालतो. मीही तिकडचाच, यॉर्कशायरचा. टेनिसच्या शिष्यवृत्तीवर याच कोर्टांवर खेळायला आलो, फार काही खेळलो नाही, आणि मग इथल्या ग्रंथालयात नोकरी लागली ती निवृत्त होईपर्यंत केली. रविवारी दुपारी तिकडची मुले माझ्याकडे जेवायला येतात. भाजलेले मांस, बटाटे, त्यावर दाट रस्सा. मी बरा स्वयंपाकी नाही, पण घरची आठवण आलेल्या मुलांना ते चालते.

निरोपाला माझ्याबरोबर चाला, असे कीलीने नाताळानंतरच मला सांगून ठेवले होते. मग वसंतात तिच्या वडिलांनी कळवले की, ते येत आहेत. मी तिला म्हणालो, "मग आता माझं काही काम नाही." मला थोडे वाईट वाटले, आणि सुटल्यासारखेही वाटले, चारचौघांत चालणे मला कधीच जमले नाही. ती म्हणाली, "का? मला हात दोन आहेत."

क्लाइव्ह ब्लँचर्ड ग्रिम्सबीच्या मासळीबाजारात काम करत. मोठे लालसर हात, बारीक आवाज. आदल्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले तेव्हा पहिले वाक्य असे बोलले, "तुमच्यासाठी धुरावलेला हॅडॉक मासा आणला होता. आमच्याच भट्टीतला. विमानतळावर काढून घेतला त्यांनी."

"अरेरे."

"मी म्हटलं, अहो, भेट आहे ती. एका माणसानं माझ्या पोरीला इतके दिवस जेवू घातलंय. तर तो पोलीस म्हणतो, सर, वास येतोय." ते थांबले. "येत होता म्हणा."

तर असे आम्ही तिघे चाललो. कर्ण्यावर तिचे नाव घेतले गेले. कीलीने माझा हात इतका घट्ट दाबला की, मान आपोआप वर झाली.

आता कीलीबद्दल सांगायला हवे, आणि ते मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. संघात एकेरी खेळतात सहा जणी. कीली सातवी होती. आली तेव्हा सातवी, आणि अजूनही सातवी. दुसऱ्या गावच्या मैदानावर कुणी आजारी पडले तर कधी तरी एखादा सामना. घरच्या मैदानावर एकही नाही. ती काय करायची? ओरडायची. एका कोर्टामागून दुसऱ्या कोर्टामागे धावत, "चल गं! तुझाच आहे हा! पाय हलव!" असे सामना संपेपर्यंत चालायचे. संध्याकाळी तिचा घसा बसलेला असायचा. मुली म्हणायच्या, कीली पाठीमागे असली की, हरायची लाज वाटते.

आणि आज टटल मॅडमनी, म्हणजे त्यांच्या कोचने, तिला सहाव्या कोर्टावर उतरवले होते. हे काही निरोपाचे लाड नव्हते. आज जिंकलो तरच आमचा संघ विभागीय स्पर्धेला जाणार होता. कीली ते ओळखून होती. सकाळपासून तिने एक केळेसुद्धा पुरे खाल्ले नव्हते.

आम्ही सहाव्या कोर्टासमोरच्या बाकावर बसलो. शेजारी मिस लुर्लीन. त्या कॉलेजच्या खाणावळीत होत्या. आता निवृत्त आहेत आणि एकही सामना चुकवत नाहीत. मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी, हातात गाईच्या गळ्यातली घंटा.

पहिल्याच खेळात समोरच्या मुलीने, मकेना तिचे नाव, सुरेख फटका मारला. क्लाइव्हनी टाळ्या वाजवल्या. "छान! छान फटका, पोरी!"

आख्खा बाक त्यांच्याकडे वळला.

"बाळा," मिस लुर्लीन म्हणाल्या, "तुम्ही कुणाचे?"

"मी कीलीचा बाप."

"मग शत्रूला कशाला चढवताय?"

"पण फटका चांगला होता ना!"

"चांगला होता म्हणून तर गप्प बसायचं." आणि त्यांनी घंटा अशी वाजवली की, क्लाइव्ह दचकून उठले.

"शूः! अहो, खेळ चालू आहे!"

मिस लुर्लीननी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "तिकडे असंच असतं. खेळ चालू असताना खोकलासुद्धा दाबून ठेवतात."

"अरे देवा," त्या म्हणाल्या आणि क्लाइव्हच्या हातात शेंगा कोंबल्या. "खा, बाळा. गरम आहेत तोवर खा."

कीलीने पहिला सेट घालवला. तिचे हात आखडले होते. ती गप्प होती, अगदी गप्प, आणि ते बघवत नव्हते. दुसऱ्या सेटमध्ये मात्र तिला पाय सापडले. एक लांबलेली चढाओढ जिंकल्यावर ती स्वतःवरच ओरडली, "हां! असं!" मिस लुर्लीननी घंटा वाजवली. या वेळी क्लाइव्हनी फक्त डोळे मिटून घेतले.

दुसरा सेट कीलीचा झाला. तेव्हा क्लाइव्हनी मला हळूच विचारले, "ते मोठ्या फळ्यावर दोन-दोन कसलं लिहिलंय?"

मी समजावून सांगितले. दुहेरीचा एक गुण असतो, आणि सहा एकेरींचा एकेक. सगळ्या एकेरी एकाच वेळी चालतात. सातांतले चार गुण जो संघ आधी मिळवील तो जिंकला.

"आणि मग बाकीचे सामने?"

"ते थांबवतात. जिथं असतील तिथं."

"थांबवतात म्हणजे? नंतर पुरे करतात?"

"नाही. ते धरतच नाहीत. ना जीत, ना हार."

क्लाइव्ह शेंग सोलता सोलता थांबले. "म्हणजे बाकीच्या पोरी लवकर जिंकल्या, तर माझ्या पोरीचा खेळ बंद?"

"हो."

"आणि मी एवढा समुद्र ओलांडून..." त्यांनी हातातली शेंग तशीच खिशात टाकली. आपल्या लेकीचा संघ जिंकू नये असे कुठल्या बापाला म्हणवेल?

त्यानंतर त्यांची अवस्था कठीण झाली. कुठल्याही कोर्टावर आमच्या मुलीने चढाओढ जिंकली की, ते इतरांबरोबर टाळ्या वाजवत, पण डोळे फळ्यावर असत. आम्हाला तिसरा गुण मिळाला, तेव्हा त्यांच्या टाळ्यांत काही दम नव्हता. माझ्याही नव्हता, तर मी त्यांना काय सांगणार?

तीन-दोन. दोनच कोर्टांवर खेळ उरला होता. चौथ्यावर रोझाल्बा आणि सहाव्यावर कीली. मधले पाचवे कोर्ट रिकामे झाले होते. कीलीचा तिसरा सेट पाच-पाचवर आला होता. रोझाल्बा मात्र जिंकल्यातच जमा होती, एक गुण हवा होता तिला, बस्स.

रोझाल्बा टेक्ससची. कीली आणि ती एकाच खोलीत राहतात. माझ्याकडे रविवारी कीलीबरोबर तीही येते आणि माझ्या रश्श्यात मिरची घालते. तिला सगळे माहीत होते. कुणाचा बाप कुठून आला आहे, आणि आपण जिंकलो की काय होणार आहे.

तर रोझाल्बा खाली बसली आणि बुटाचा बंद बांधू लागली. तो बांधून झाल्यावर दुसरा. मग तोंड पुसले. मग रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ केल्या. सर्व्ह केली ती सरळ जाळ्यात. दुसरीही जाळ्यात. पुन्हा जिंकायला एक गुण हवा अशी वेळ आली, पुन्हा बुटाचा बंद.

"ही पोरगी बूट बांधतेय की गालिचा विणतेय?" मिस लुर्लीन पुटपुटल्या. पण घंटा त्यांनी मांडीवर ठेवून दिली होती. त्यांनाही कळले होते. टटल मॅडम कुंपणाला हात लावून उभ्या होत्या आणि उगाचच झाडांकडे बघत होत्या. पंच घड्याळाकडे बघत होता.

क्लाइव्ह मला म्हणाले, "ती मुद्दाम करतेय का हो?"

मी म्हणालो, "मला वाटतं, हो."

"माझ्यासाठी?"

मी मान हलवली. ते इतके अवघडले की, त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

समोर कीली सर्व्हला उभी होती. चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला आणि हातात धरून ठेवला. तिने रिकाम्या कोर्टापलीकडे पाहिले. रोझाल्बा तिसऱ्यांदा वाकली होती. कीलीने मग आमच्या बाकाकडे पाहिले, वडिलांकडे. फार वेळ नाही. मग मान वळवली आणि तो आवाज आला, जो आम्ही सगळे ओळखतो:

"रोझाल्बा! बुटाचं पुरे झालं! संपव ते! माझी वाट बघत बसलीस, तर आज जेवायला मिळणार नाही तुला!"

सगळे हसले. पंचसुद्धा हसला. रोझाल्बा उठली. तिने कीलीकडे पाहिले, आणि कीली पुन्हा ओरडली, या वेळी हसू नव्हते, "चल गं! पाय हलव! तुझाच आहे हा!"

मग दोघींनी जवळजवळ एकदमच सर्व्ह केली. मी कुठे बघावे मला कळेना. कीलीने तो गुण घेतला, पुढचाही घेतला; चौथ्यावर मात्र तीच एक चढाओढ लांबत चालली होती. आता ती पुढे होती. तिने पुढच्या सर्व्हसाठी चेंडू वर उडवला आणि चौथ्या कोर्टावरून एकच आरडाओरडा झाला. रोझाल्बाचा फटका रेषेच्या आत पडला होता.

पंचाने हात वर केला. कीलीने रॅकेट फिरवली नाही. वर गेलेला चेंडू खाली आला तसा तिने हाताने झेलला. जाळ्यापाशी जाऊन तिने मकेनाचा हात हातात घेतला, तिला काहीतरी सांगून हसवले, आणि चौथ्या कोर्टाकडे धावत सुटली. त्या सगळ्या घोळक्यात तिचाच आवाज मोठा होता.

आमच्या बाकावर आम्ही दोघेच उरलो. मिस लुर्लीन घंटा वाजवत केव्हाच खाली गेल्या होत्या.

"म्हणजे," क्लाइव्ह म्हणाले, "कीली जिंकली की हरली?"

"दोन्ही नाही."

"हं." त्यांनी मांडीवरची टरफले झटकली. "आणि ते तिनंच केलं. ओरडून."

मला काही चांगले बोलायला हवे होते. आयुष्य पुस्तकांत गेले, पण अशा वेळी एक वाक्य उपयोगी पडत नाही. मी म्हणालो, "ती नेहमीच ओरडते."

"घरी नाही ओरडत." ते माझ्याकडे वळले. "घरी ती मीठ मागायलासुद्धा लाजायची, राव. पानातलं आळणी खाईल, पण मागणार नाही. माझ्यावरच गेली होती. शाळेतून घरी आली की, जिन्यावरून वर. दिवस दिवस आवाज ऐकू यायचा नाही." त्यांनी घोळक्याकडे बोट केले. "तिला असं ओरडताना मी आज पहिल्यांदा ऐकलं. हे बघायलाच आलो होतो मी बहुतेक. मला ठाऊक नव्हतं, एवढंच."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तो मासा इथवर पोचायला पाहिजे होता. फार चांगला होता तो मासा."

"पोचला," मी म्हणालो. हे कसे सुचले मला माहीत नाही. बरोबर होते की नाही, हेही ठरवता येत नाही. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. माझे वडील कधी इथे येऊ शकले नाहीत. माझ्या निरोपाच्या दिवशी माझ्यासोबत एका प्राध्यापकांची बायको चालली होती, आणि तिचा हात मला अजून आठवतो. या गावाचे माझ्यावर काय काय ऋण आहे, ते मोजायला मी कधी बसत नाही.

लोक गाड्यांकडे निघाले. सामने संपल्यावर कोर्टांवरचे आकडे शून्यावर आणायचे, हे काम मी निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे घेतले आहे. जाळ्याच्या खांबाला पत्र्याचे आकडे टांगलेले असतात, ते उलटायचे. क्लाइव्ह माझ्याबरोबर आले. एक, दोन, तीन कोर्टे झाली. चौथ्यावर त्यांनी स्वतः उलटले, जपून, मासळी हाताळावी तसे. पाचवे झाले.

सहाव्यावर पाच-पाच होते. मी पत्र्याला हात लावला.

"हे आत्ताच बदलायला हवेत असं काही आहे का?" क्लाइव्हनी विचारले.

"उद्या दुपारी मुली सरावाला येतात. त्याआधी."

मी हात काढून घेतला.

तेवढ्यात गाड्यांच्या बाजूने हाक आली. झाडांवरची पाखरे उडाली.

"बाबा! मिस्टर हेसल! हातपाय हलवा जरा! रोझाल्बाला भूक लागलीय!"

मी नेहमीसारखा हात वर करणार होतो. क्लाइव्हनी इकडेतिकडे पाहिले, खोल श्वास घेतला, तोंडाभोवती ते दोन मोठे हात धरले आणि ओरडले.

"आलो गं, पोरी!"

दूर गाडीत बसत असलेल्या मिस लुर्लीन तशाच थांबल्या, आणि त्यांनी घंटा वाजवली.