घरचा माल

नवरा-बायकोच्या भांडणांवरची ती विनोदी मालिका वर्षानुवर्षं चालली होती. मुख्य लेखक तोच आणि निर्माताही तोच. लेखकांच्या बैठकीला त्याने एकच नियम घालून दिला होता. प्रत्येकाने आपल्या घरात घडलेलं काहीतरी आणायचं. सगळे त्याला ‘घरचा माल’ म्हणायचे. त्याचा स्वतःचा माल सगळ्यांत भारी असायचा, कारण बायकोच्या जिभेला धार होती. तिची अट एवढीच, की आधी तिला विचारायचं. भांडी विसळता विसळता ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “घे, चालेल,” नाहीतर, “हे आपल्यातच राहू दे.” ती नाही म्हणाली, की विषय संपला.

बायकोला जाऊन दोन महिने झाले होते. त्या दिवशी बैठकीत कुणालाच काही सुचत नव्हतं. चॅनेलवाल्यांचे फोन येत होते. सगळे त्याच्याकडे बघत होते, पण काही मागायची कुणाची छाती होत नव्हती. त्यांना आपली कीव येतेय हे त्याला कळलं आणि तेच सोसवेना. तो बोलून गेला.

“शेवटी शेवटी हॉस्पिटलात ती मला ओळखेना. म्हणाली, नळवाले ना तुम्ही? बसा, आमचे हे येतीलच. माणूस चांगला आहे हो, पण त्याच्यासमोर काही बोलू नका. सगळं टीव्हीवर दाखवतो मेला!”

आधी कुणी हसेना. मग सगळ्यांत जुना लेखक फुटला, आणि त्याच्यामागून सगळेच.

“सर, हे घ्यायचंच!”

त्याने मान डोलावली. किती दिवसांनी त्याला जरा बरं वाटलं होतं.

मालिकेतल्या बायकोला ताप आणला, हॉस्पिटल गाळलं. रेकॉर्डिंगला प्रेक्षक पोट धरधरून हसले. तो आत कंट्रोल रूममध्ये बसून पडद्यावर हसणारे चेहरे बघत होता. तिसऱ्या रांगेत त्याला आपली लेक दिसली. ती येणार हे त्याला माहीत नव्हतं. आई ते बोलली तेव्हा पलंगाच्या पलीकडे लेकच उभी होती, आईचा हात धरून. आता शेजारची बाई हसत हसत तिच्या अंगावर कलंडली होती आणि लेक समोर बघत होती.

तो धावत बाहेर आला. ती गाडीपाशी उभी होती.

“तुला न्यायला आले होते, बाबा. चल.”

“मी ते कापून टाकतो.”

“हशा चांगला आला की.”

“आला.”

“आईने हो म्हटलं असतं?”

तिने गाडीचं दार उघडलं आणि ती आत बसली.

दुसऱ्या दिवशी एडिटर त्याच्यावरच उखडला. “सर, अख्ख्या भागात हसण्यासारखं एवढंच आहे! का कापायचं?”

“काप म्हटलं ना.”

प्रसंग गेला, भाग फुसका झाला, चॅनेलवाल्यांनी खडसावलं. कापून काय होणार होतं? बाहेरच्यांना दिसलं नसतं एवढंच. जिने ऐकायला नको होतं तिने ऐकलं होतं.

घरी आला तेव्हा लेक फोनवर मावशीशी बोलत होती. आवाज रडवेला होता. त्याला बघताच ती म्हणाली, “नंतर करते गं. बाबा आलाय.”

“काय म्हणत होती मावशी?”

“काही नाही.”

“आईचं काही?”

“काही नाही रे. वाढू का तुला?”

पुन्हा विचारायला त्याला तोंड नव्हतं. “जरा पाय मोकळे करून येतो,” म्हणून त्याने चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उतरताना आतून तिचा आवाज पुन्हा सुरू झाला. एकही शब्द कानावर पडू नये म्हणून तो भराभरा खाली उतरला.