खुर्चीचं वर्णन

'पाहा खिडकी' असं टाइप करून ती नख कुरतडत उत्तराची वाट पाहू लागली.

या ऑनलाइन खेळात चित्रं नव्हतीच. जंगलं, राजवाडे, खोल्या, सगळं शब्दांचं. खेळाडूंनी लिहून पाठवलेली प्रत्येक खोली ती आधी डोळ्यांत तेल घालून तपासायची. औषधाच्या दुकानात ती नोकरीला होती, तिथले मालक याला फुकटची हमाली म्हणत. नियम एकच: वर्णनात जी वस्तू येईल, ती नीट पाहता आली पाहिजे. ही आजाऱ्याची खोली तिने दोनदा परत पाठवली होती. दोन्ही वेळा शेरा तोच, 'खुर्चीचं वर्णन करा.' लिहिणाऱ्याचं नाव तपासनिसांना दिसत नसे. आज तिसरी खेप होती, सगळी वर्णनं नव्याने लिहिलेली. आजही चुकलं, तर त्याला लिहायला कायमची बंदी.

बाजूच्या चौकटीत 'गरुड' नावाने वावरणारा दुसरा तपासनीस घाई करत होता.

"ताई, पाचला यादी बंद होतेय. नापास कर आणि मोकळी हो. ना राक्षस, ना खजिना. कोण फिरकणार तिथे?"

"थांब रे जरा. बंदी म्हणजे माणूस कायमचा गेला."

"चारच मिनिटं उरलीत."

खिडकीचं उत्तर आलं. 'खालची बिजागरी निखळलीय. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून लावलाय.' मग तिने 'पाहा घड्याळ' टाइप केलं. 'सात मिनिटं पुढे. दुरुस्त करणाऱ्याचा उजवा हात आता उचलला जात नाही.'

तो पुठ्ठा तिनेच लावला होता, पलीकडच्या खोलीत, बाबांच्या. वेळ जावा म्हणून टॅबलेटही तिनेच आणून दिला होता. त्यावर पत्ते खेळत असतील, असं ती धरून चालली होती.

उरली खुर्ची.

'पाहा खुर्ची.'

'मुलीला बसायला ठेवली होती. ती ताट ठेवते, गोळ्या देते, उभ्याउभ्याच जाते. आता खुर्चीवर चादरी असतात.'

"ताई? पास की नापास?"

तिने 'पास' दाबलं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"पास? अगं, पण त्या खोलीत करायचं काय?"

ती उठून पलीकडच्या खोलीकडे गेली.

दार वाजताच बाबांनी डाव्या हाताने टॅबलेट उशीखाली सारला.

"गोळ्यांची वेळ झाली का गं?"

"नाही, बाबा."

खुर्चीवरच्या चादरींचा ढीग उचलून तिने जमिनीवर ठेवला.