मावशींच्या तळव्यात मुरलेला थेंब

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण ‘मी एक जुना कंदील’, ‘मी एक जुना पंखा’ अशी सुरुवात करतात. माझी जरा पंचाईत आहे. मी घट्ट झालेल्या पाण्याचा एक थेंब होतो, डॉक्टर मला जेल म्हणायचे. सांगायला मी उरलोय, दाखवायला नाही.

माझा जन्म एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. तिथे एक ताई काम करायच्या. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या बारीक घटकांची बनलेली असतात, तेच घटक जोडून त्यांनी आखूड आखूड माळा केल्या. अशा माळेला पेप्टाइड म्हणतात. माझ्या माळांची एक बाजू पाण्यावर जीव टाकणारी आणि दुसरी पाण्यापासून तोंड लपवणारी. त्यामुळे पाण्यात सोडून किंचित मीठ घातलं की लाजरी बाजू आत घेऊन त्या आपल्याआपण शेजारी शेजारी बसतात. त्यांचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि पाणी जागच्या जागी थिजतं. विणायला कुणी लागत नाही. धागा इतका बारीक, की तुमचा केस त्याच्यापुढे दोरखंड वाटेल.

फक्त मला ढवळायचं नाही. ढवळलं की मी पातळ होतो, निवांत सोडलं की पुन्हा जमतो. नवीन आलेले लोक मात्र ‘झालं का, झालं का’ म्हणून बाटली खळाखळा हलवायचे. ताई म्हणायच्या, “त्याला एकटं सोडा हो, तो शहाणा आहे.” हे ऐकून मी चांगलाच फुगलो होतो. पुढे कौतुक ओसरलं. मला वाळवून केलेली भुकटी फ्रीजच्या मागच्या कप्प्यात गेली, पुढे बाटल्यांची गर्दी झाली आणि मला कुणी विचारेना. फार वाईट वाटायचं.

शेवटी एका रुग्णालयाने नव्या औषधाच्या चाचणीसाठी मला मागवलं, पाण्यात पुन्हा जमवलं आणि तिथे मला मावशी भेटल्या.

मावशी शिवणकाम करायच्या. उभा जन्म पायमशीन चालवण्यात गेलेला. साखरेच्या आजाराने त्यांचे तळवे बधिर झाले होते. एकदा खाली पडलेली टाचणी पायाच्या बोटांखाली घुसली आणि त्या तशाच दिवसभर मशीन मारत राहिल्या. मोजा भिजला तेव्हा कुठे कळलं. मग ती जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “ही भरली नाही तर पाय कापावा लागेल.” मावशींनी सगळं समजून घेऊन चाचणीला होकार दिला. नर्सताईंनी मला सिरिंजमधून जखमेच्या खड्ड्यात अलगद सोडलं, वर पट्टी लावली आणि बजावलं, “घरी हिला हात लावायचा नाही.”

खरं सांगतो, आत गेलो तेव्हा मी घाबरलो होतो. शरीर परक्याला हुसकून लावायला टपलेलं असतं. पण मी त्याच्याच घटकांचा, म्हणून कुणी डोळे वटारले नाहीत. कडेच्या पेशी आल्या, त्यांनी माझे धागे चाचपले आणि हळूहळू वर चढू लागल्या.

मावशींचे यजमान, म्हणजे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. मागचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. मला पहिल्यांदा पाहून ते म्हणाले होते, “हे औषध? सर्दीत नाकातून येतं तसं दिसतंय.” रोज सकाळी मावशी उठायच्या आत ते पट्टीचा कोपरा उचलायचे, आणि समाधान झालं नाही की कापसाच्या काडीने मला हलवून बघायचे. माझं जाळं विस्कटायचं, पेशी घसरून पडायच्या. अस्सा राग यायचा! पण काकांचा हात थरथरत असायचा. दिवसभर इवलेइवले स्क्रू बसवताना तो कधी कापत नसे. माझा राग कुठल्या कुठे पळायचा. पट्टी बंद झाली की मी निमूटपणे पुन्हा जमायचो.

पेशी वाढत गेल्या, तसं शरीर माझे धागे सोडवून ते घटक वापरू लागलं. मी रोज थोडा कमी होत होतो. एके सकाळी काकांनी कोपरा उचलला आणि मी दिसलोच नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मावशींना उठवलं आणि तडक रुग्णालय गाठलं.

“माझ्यामुळे सांडलं,” ते नर्सताईंना म्हणाले. “मी रोज उघडून बघत होतो. आता हिचा पाय...”

“मला माहीत होतं,” मावशी म्हणाल्या. “पाय बधिर झालाय, मी नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“बघून आलात की दोन घास तरी खायचात.”

नर्सताईंनी आधी काकांना चांगलं झापलं, जंतू गेले असते म्हणजे? मग पट्टी काढून पाय दिव्याखाली धरला आणि डॉक्टरांना हाक मारली. खड्डा भरून आला होता. चारी बाजूंनी गुलाबी कातडी आत सरकली होती.

“सांडलं नाही काका,” नर्सताई म्हणाल्या, “मावशींच्या अंगी लागलं. पाय वाचला.”

काका तिथल्याच स्टुलावर बसून रडले. मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आता त्या पायात मी नेमका कुठे आहे, हे मलाही सांगता येणार नाही. पण मी सुखात आहे. काका रोज सकाळी मावशींचे दोन्ही तळवे मांडीवर घेऊन बघतात, आता अगदी उघडपणे. “काय शोधताय एवढं?” मावशी विचारतात. “काही नाही,” काका म्हणतात, आणि खरंच काही नसलं की पाय हळूच खाली ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर तुम्हीही एवढं करा. प्रत्येकाच्या वाट्याला मी येईनच असं नाही. ‘पाय दुखतो का’ म्हणून नुसतं विचारू नका, खाली बसून तळवे बघा. दुखलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं.