कॅप्टनचा जळलेला सदरा

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुनी इस्त्री आहे. जड, तापट आणि एकदा बोलायला लागले की न थांबणारी. कारखान्यातून निघाले, दुकानाच्या काचेमागे बसले आणि वहिनींच्या लग्नात भेट म्हणून या घरात आले.

घरात दोन भाऊ. थोरले, म्हणजे वहिनींचे यजमान, एका मोठ्या हॉटेलात वाढप्यांचे प्रमुख. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. रोज सकाळी ते पांढरा सदरा स्वतः माझ्याखाली घेत. आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. धाकटा पार्सलच्या गोदामात कामाला. त्याचा टी-शर्ट म्हणजे नुसता चोळामोळा! "खोक्यांना कुठं कळतंय?" म्हणत तो तसाच पळायचा. मला त्याचा भारी राग यायचा.

मग ती साथ आली आणि लोक घराबाहेर पडेनासे झाले. त्या सकाळी थोरले सदऱ्याची पाठ करत होते आणि हॉटेलातून फोन आला.

"हो साहेब... म्हणजे सगळ्यांनाच?... बरं."

एवढंच बोलले आणि तसेच उभे राहिले. हात माझ्यावरच! सदरा करपतोय, धूर निघतोय, आणि हा माणूस हलेना. अहो, उचला मला! पण माझी हाक त्यांना कुठली ऐकू जाणार? शेवटी वहिनी धावत आल्या, "अहो, सदरा जळाला!" पाठीवर माझा तिकोनी डाग उमटला होता. ज्या हातांनी कधी साधी चुणी पडू दिली नाही, त्या हातांनी! मी पार हादरले.

तेवढ्यात धाकट्याला गोदामातून फोन आला. पार्सलांचा डोंगर साचलाय, लगेच ये, ओळखीचं कुणी असेल तर त्यालाही आण. मला काही सुचेना. एकच साथ, एकच घर, आणि एकाला घरी बसवते, दुसऱ्याला क्षणभर बसूही देत नाही? खालच्या न्हाव्याचं दुकान बंद आणि शेजारच्या औषधवाल्याला जेवायला फुरसत नाही. हा कुठला न्याय म्हणायचा?

थोरले तरीही रोज उरलेला सदरा इस्त्री करायचे, अंगात घालायचे आणि खिडकीशी बसायचे. वहिनी मुकाट्याने चहा ठेवायच्या. एके दिवशी थोरल्यांनी मला हातच लावला नाही. माझी रवानगी फडताळात झाली. धुराला भ्याले नव्हते तेवढी त्या शांततेला भ्याले.

परवा फडताळ उघडलं. थोरल्यांच्या हातात गोदामाचा करडा टी-शर्ट होता. त्यांनी कॉलर केली, बाह्या केल्या. दारात उभा धाकटा कानकोंडा झाला.

"दादा, तिथं कुणी इस्त्री करून येत नाही. हसतील रे तुला."

"मला त्याशिवाय कामावर जाता येत नाही," थोरले खाली बघत म्हणाले.

धाकट्याने अंगातला चुरगळलेला टी-शर्ट काढून माझ्यासमोर टाकला.

"मग माझाही कर. हसले तर दोघांनाही हसू देत."

थोरल्यांनी डोळे पुसले आणि आधी कॉलर घेतली.

मित्रांनो, मला गरम असताना वायरीत गुंडाळू नका, एवढी काळजी घ्या. आणि घरातलं कुणी कामावाचून खिडकीशी बसलं असेल, तर आपला सदरा घेऊन त्याच्याजवळ जा.