डॅशबोर्डवरचं कासव

पाचोडच्या पुढं मोकळ्या रानात वळणावळणाचा डांबरी ट्रॅक आहे. रविवारी हौशी मंडळी तिथं आपापल्या गाड्या पळवतात. त्या रविवारी मात्र पळवणं सोडून सगळे एकाच गाडीभोवती दाटले होते आणि काचेतून डोकावून हात जोडत होते. शिवराजच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या पडद्यावर पिवळं कासव उमटलं होतं.

"कूर्मावतार," शिवराजच्या शेजारच्या सीटवरून मठाचे वीजनाथ महाराज म्हणाले. "देवानंच चाक धरलंय, म्हणून गाडी मंदावली."

सुरुवातीला हीच गाडी सरळ रस्त्यावर हिमानीच्या हलक्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला मागं टाकून सुसाट गेली होती. ते महाराजांनी बांधलेल्या लिंबाचं तेज ठरलं. काही फेऱ्यांनी ती बैलगाडीसारखी रांगू लागली, तेव्हा कासव प्रकटलं. महाराजांनी गाडी चिंचेखाली लावायला सांगून बराच वेळ मंत्र म्हटले, आणि कासव अंतर्धान पावलं.

शिवराजचे वडील नानासाहेब गहिवरले. गाडी आता देवाची, आजच मठात पोचवतो, असं त्यांनी जाहीर केलं. शिवराजची बायको सुरेखा रोज याच गाडीनं वाळूजला कामावर जायची. तिचं तोंड एवढंसं झालं.

हिमानी बॅटऱ्यांचं काम करणारी इंजिनिअर. ती नानासाहेबांना म्हणाली, "काका, लिंबू काढा, महाराजांना गाडीतून उतरवा. कासव परत येईल, अन् मंत्राशिवाय जाईल."

देव कोपेल, असं महाराजांनी बजावलं. सुरेखानं लिंबू सोडलं आणि स्वतः गाडी पिटाळली. थोड्याच फेऱ्यांत कासव हजर. गाडी चिंचेखाली लावली. गर्दीतल्या आवडाबाई आजी सवयीनं आरती म्हणू लागल्या, त्यांना चहा देऊन गप्प बसवलं. चहा संपून गप्पा रंगल्या, तेवढ्यात कासव गेलं.

हिमानीनं समजावलं, की इलेक्ट्रिक गाडीची मोटर पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावते, म्हणून गाडी झेपावते. पण बॅटरीनं ती जड होते. प्रत्येक वळणावर तेवढं वजन आवरायचं, पुन्हा पळवायचं, त्यात बॅटरी तापते. मग गाडी स्वतःच जोर कमी करून कासव दाखवते. बॅटरी निवली की कासव जातं. स्पोर्ट्स कार हलकी, म्हणून ती फेऱ्यांमागून फेऱ्या टिकते.

शिवराजला आता उमगलं. दर वळणानंतर महाराज कानाशी म्हणत होते, "श्रद्धेनं अॅक्सिलरेटर दाब, वत्सा."

सोयगावचा बद्रीनाथ पुढं आला. "आमच्या मेव्हण्याच्या गाडीत बी असंच कासव आलं व्हतं. ती गाडी मठातच हाय."

महाराजांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं. एका भक्ताच्या पेट्रोलच्या मोटरसायकलवरून ते निघून गेले.

नानासाहेबांनी पडद्याकडं बोट दाखवलं. "मंग म्या नमस्कार कुणाला केला?"

"तापलेल्या बॅटरीला," हिमानी म्हणाली.

ते खो खो हसले आणि किल्ली सुनेच्या हातात दिली.

वाचकहो, यंत्र इशारा देतं ते आपण समजून घ्यावं म्हणून. कुणी त्याला चमत्कार म्हणालं, तर त्या माणसाला बाजूला बसवून तोच प्रकार पुन्हा करून पाहा. मगच हात जोडायचे की नाही ते ठरवा.